मगदुमांच्या लग्नातील रात्रीच्या पंगतीबाबत

प्रति,
मेहेरबान धान्य-नियंत्रण अंमलदारसाहेब,
धान्य-नियंत्रण कचेरी, निपाणी, जिल्हा बेळगाव.

अर्जदार: रवळू जोतिबा काकतीकर, स्वतंत्र वार्ताहर, मूळ राहणार काकती, हल्ली मुक्काम निपाणी.

विषय: बोरगाव येथील श्री. अण्णाप्पा मगदूम यांच्या कन्येच्या लग्नात उठलेली हजार पानांची पंगत उठलीच नव्हती, असे धरणेबाबत.

संदर्भ: (१) साप्ताहिकातील वृत्त ‘बोरगावी थाटाचा विवाह’. (२) सदर वृत्तावरून मगदूम यांची धान्याची खोली मोहोरबंद करण्याचा आपला हुकूम.

महोदय,

१. अर्जदार गेली पुष्कळ वर्षे या भागातून निरनिराळ्या पत्रांना बातम्या व लेख पाठवून उदरनिर्वाह करतो. तंबाखूचे सौदे, कुस्त्यांचे फड, मुलींच्या शाळेचे संमेलन, भजनी मंडळांतली भांडणे, गोंधळ्यांची गाणी, असा एकही विषय त्याने सोडलेला नाही. त्याची लेखणी सढळ आहे असे संपादक म्हणतात. ती जरा जास्तच सढळ आहे, हे सांगण्यासाठीच हा अर्ज आहे.

२. गेल्या महिन्यात मगदूम यांची कन्या चि. सौ. कां. ब्राह्मी हिचा विवाह झाला. त्याचे वृत्त अर्जदाराने दिले. त्यात ‘हजारावर पान उठले’, ‘तुपाचे पाट वाहिले’ आणि ‘रात्री मशालींच्या उजेडात, लसणीच्या चटणीच्या घमघमाटात पंगतीमागून पंगती बसत होत्या’ अशी वाक्ये आहेत. ती वाचून, पन्नासाहून अधिक माणसांस जेवू घालण्याची मनाई मोडली म्हणून आपण कारवाई केलीत. छापील मजकुरावर विश्वास ठेवणे हा महोदयांचा दोष नव्हे.

३. अर्जदार त्या लग्नाला गेलाच नव्हता. तो त्या दिवशी बेळगावात नाटक पाहत होता. संपादकांना वृत्त टपाल निघण्याआधी हवे होते, म्हणून त्याने लग्नपत्रिका समोर ठेवून ते लग्नाच्या आदल्या दिवशीच लिहिले. पंगतीचा भाग मच्छे येथील एका मराठ्यांच्या लग्नाच्या जुन्या वृत्तातून उचलला. ते लग्न त्याने पाहिले होते, तिथे मशाली होत्या, चटणीही होती. नावे तेवढी बदलली. लग्नघर जैनांचे आहे, तिथे सूर्य मावळल्यावर कोणी घास तोंडात घालत नाही आणि लसूण तर उंबऱ्याच्या आत येत नाही, हे इतकी वर्षे या मुलखात राहून अर्जदाराला ठाऊक नव्हते असे नाही. लिहिताना त्याच्या ते डोक्यातच आले नाही. याची त्याला अतिशय शरम वाटते.

४. आपला हुकूम निघाल्याचे कळताच अर्जदार बोरगावला गेला व घरोघर विचारत फिरला. जे कळले ते असे. मगदूम यांनी आपली मनाई अक्षरशः पाळली. वराकडील मंडळींना दिवसाउजेडी जेवू घालून वाटेला लावले. बाकीचे पाहुणे घरून भाकरी बांधून आले आणि मांडवाच्या कडेला बसून आपापली शिदोरी सोडून जेवले. लेकीच्या लग्नात माणसे स्वतःची भाकरी खाताहेत, हे बघवेना म्हणून मगदूम परसात जाऊन उभे राहिले होते. मनाईमुळे ज्यांना बोलावलेच नाही, त्यांत त्यांचा सख्खा मेहुणा आहे. हजार पानांची बातमी वाचल्यापासून तो मगदुमांशी बोलत नाही.

५. इथवरचे नुकसान भरून निघेल असे अर्जदाराला वाटत होते. आपल्या कचेरीतील कारकुनांनी मेहेरबानी करून मार्गही काढला होता. जबाबावर सही करावी, समज घेऊन सुटावे, खोली उघडून मिळेल. परंतु तो जबाब वृत्तावरूनच उतरवलेला आहे आणि त्यात मशाली व रात्र जशीच्या तशी आहे. मगदूम सही करीत नाहीत. पेरणीचे बी त्या खोलीत आहे, तरीही करीत नाहीत. अर्जदाराने त्यांचे पाय धरले तेव्हा ते एवढेच म्हणाले, “सरकारनं खोलीला मोहर ठोकली, त्येचं मला काय वाटलं न्हाय. सरकार हाय, करतंय. पर तू आम्हास्नी दिवा लावून जेवाय बसवलास रं.”

६. याहून वाईट गोष्ट सौ. धोंडूबाई मगदूम यांनी सांगितली. ब्राह्मीची आजेसासू व्रतस्थ बाई आहे. वयामुळे ती लग्नाला आली नव्हती. तिच्यासमोर कोणीतरी ते वृत्त मोठ्याने वाचले. वऱ्हाड दिवस असतानाच निघाले होते, तेव्हा मागे मांडवात काय झाले हे वराकडच्या कोणालाच सांगता येईना, आणि छापून आले म्हणजे झालेच असणार असे सर्वांनी धरले. त्या दिवसापासून म्हातारी ब्राह्मीच्या हातचे पाणी घेत नाही. पोर चुलीपासून लांब, सोप्यात बसून असते. अर्जदाराने त्या मुलीला कधी पाहिलेलेही नाही.

७. अर्जदाराने संपादकांकडे दुरुस्ती पाठवली. आपल्या पत्रात चुकीची बातमी कधी येत नाही, सबब दुरुस्ती छापण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असे त्यांचे उत्तर आले. छापलेल्या कागदापुढे आता सरकारी मोहोरेचाच कागद टिकेल. म्हणून आपल्याखेरीज कोणाकडे जावे हे अर्जदारास समजत नाही.

८. आपण सहजच म्हणाल की हा इसम मगदूम यांना वाचवण्यासाठी आता खोटे बोलत आहे. तसे नाही, तो आधीच खोटे बोलला होता. खात्रीसाठी आणखी एक दाखला देणे भाग आहे, त्याबद्दल आधीच माफी मागतो. महोदय येथे प्रथम रुजू झाले तेव्हा ‘स्वागतास जनसागर लोटला, मुंगी शिरायला जागा नव्हती’ असे वृत्त आले होते. ते कात्रण आपल्या कचेरीत चौकटीत लावलेले अर्जदाराने पाहिले आहे. तेही त्याचेच. त्या दिवशी निपाणीचा आठवड्याचा बाजार होता आणि लोक मिरच्या घ्यायला आले होते.

९. तरी विनंती की, मगदूम यांच्यावरील कारवाई रद्द व्हावी. पण नुसती रद्द होऊन भागणार नाही. हुकुमात ‘सदर लग्नात सूर्यास्तानंतर कोणीही जेवले नाही, वृत्त देणारा इसम हजर नव्हता व त्याने ते मनाने रचले’ असे स्पष्ट लिहावे, आणि तो ब्राह्मीच्या सासरच्या गावी चावडीवर वाचून दाखवावा. त्या वेळी अर्जदाराला तिथे उभे करावे. म्हातारीने काय विचारायचे ते त्यालाच विचारावे. यानंतर एकही पत्र त्याचा मजकूर घेणार नाही, हे त्याला कळते.

१०. बोरगावी माफी मागून अर्जदार निघाला, तेव्हा दिवस कलला होता. धोंडूबाईंनी ताट वाढले. “लग्नात आलतास व्हय रं तू? न्हाय न्हवं? मग बस. दिस बुडाय लागलाय, बोलनं मागनं. आधी दोन घास खा.” माउली समोर बसून सूर्याकडे बघत होती, म्हणून अर्जदाराने भराभरा जेवून घेतले. वरील सर्व मजकूर अर्जदाराने जागेवर जाऊन, माणसांना विचारून, मगच लिहिला आहे. इतकी वर्षे त्याला एवढेच करायचे होते, ते त्याने केले नाही.

आपल्या हुकुमाची व शिक्षेचीही वाट पाहणारा,
रवळू जोतिबा काकतीकर
निपाणी, दिनांक १२ जून १९४४

सोबत:
(१) मच्छे येथील लग्नाच्या वृत्ताचे जुने कात्रण. पंगतीचा परिच्छेद शब्दशः तोच आहे.
(२) बेळगावच्या नाटकाचे वृत्त, अर्जदाराचेच. नाटक दुसऱ्या अंकापर्यंत पाहिले होते, तिसऱ्याची स्तुती अंदाजाने केली आहे.