चौथा रोटला

सर, आज माझ्या वर्गात आपली ती रोटल्याची फिल्म दाखवली आणि याही वेळी मला हसू आवरलं नाही. कुक्षीपासून दोन कोस आत, त्या भिलाला आदिवासी आजीच्या चुलीपाशी आपण बसलो होतो. धारच्या कॉलेजातला मी तुमचा विद्यार्थी, हातात तुमचा किल्ली देऊन चालणारा कॅमेरा आणि एकच रीळ. फिल्म साधली तर तुम्ही मला मदतनीस म्हणून ठेवून घेणार होता. नाहीतर वडिलांनी कचेरीतली कारकुनी ठरवून ठेवलीच होती, आणि ती मला नको होती. बसमध्येच तुम्ही मला झापलं होतंत, "कुणाला पुन्हा करून दाखवा म्हणायचं नाही. ती माणसं आपल्या नाटकात नाहीत."

आजीचाही एक नियम निघाला. खाणारा समोर बसल्याशिवाय ती रोटला थापत नसे. मग खाणारे तुम्ही झालात. पहिल्या वेळी अंधार होता. आजीने स्वतःच काठीने दोन कौलं सरकवली. दुसऱ्या वेळी धूर आडवा आला. तुम्ही मक्याचे जाडजूड रोटले लाल चटणीशी निमूट खात होतात आणि आजी खुशीत पुढचं पीठ मळत होती. तिसरा संपल्यावर मी म्हणालो, उजेड कमी पडला. तुम्ही धोतर सैल करत म्हणालात, "भिया, माझ्या भावा, आता तुझी फिल्म तरी संपू दे, नाहीतर मी संपेन."

चौथा साधला. त्याच्या शेवटी कडेने तुमचा हात येतो, रोटल्यापाशी घुटमळतो आणि पुरे म्हणून आडवा होतो. परदेशातल्या एका विद्वानाने त्यावर पाहुण्याच्या संकोचाबद्दल दोन पानं लिहिली आहेत. मी ती दुरुस्त केली नाहीत. त्या हाताने मला नोकरी दिली, पुढे सगळं आयुष्यच दिलं, आणि तुम्ही गेल्यापासून तुमची आठवण आली की मी तोच बघतो. हलताना दिसणारे तुम्ही तेवढेच माझ्यापाशी आहात.

हे पत्र रिळाच्या डब्यात ठेवून देईन. तिसऱ्या वेळी उजेड भरपूर होता, सर. मी कॅमेऱ्याला किल्ली द्यायला विसरलो होतो. माफी मागायला म्हणून लिहायला बसलो, पण तो चौथा आठवला की ती काही माझ्याच्याने मागवत नाही.