ऑब्ड्युरेट आणि आप्पांचा भात

२६ ऑक्टोबर

ही वही घेऊन लई दिवस झाले. रोज चार ओळी इंग्रजीत लिहा म्हणून मॅडमनी सांगितलं तेव्हा घेतली. आज लिहू, उद्या लिहू करत पहिल्या पानावर नुसता बैल काढून झालाय. शिंगं बरी जमलीत. शेवटी त्याच म्हणाल्या, मराठीत तरी लिही बाबा. तर हे.

मॅडम (पुढं नुसतं मॅ.) निपाणीच्या. त्यांची आई विड्या वळायची आणि मांडीवरच्या सुपाशेजारी ह्यांना अभ्यासाला बसवायची, असं एकदा सांगत होत्या. आता इथं बेळगावात मोटर रिवाइंडिंगच्या दुकानावरच्या खोलीत संध्याकाळी इंग्रजीचा क्लास घेतात. बोलायचं इंग्रजी, वर अवघड शब्द. प्रत्येकाला एक शब्द वाटून दिलाय. शेवटच्या दिवशी ज्यानं त्यानं उभं राहून आपल्या शब्दावर बोलायचं, आपल्या घरातलं उदाहरण देऊन. तेवढं केलं की कोर्स पुरा.

मला आला ऑब्ड्युरेट. अर्थ विचारला. "हट्टी. पण साधा हट्टी नाही. पुढचं तू शोध."

शोधायचं काय त्यात. घरात एक आहे की, आमचे वडील, आप्पा.

२८ ऑक्टोबर

उद्यमबागच्या कारखान्यात दिवसभर ग्राइंडिंग, लोखंड घासायचं. अंघोळ केली तरी रुमाल काळाच. येताना एक माणूस सायकलवर आरसे बांधून चाललेला दिसला, त्याच्या मागं मागं गेलो, पूर्ण रस्ता आरशात उलटा दिसत होता. उशीर.

खालच्या मावशींनी (घरमालकीण, घरात कन्नडच) नेहमीसारखं विचारलं, "ऊट आयता?" जेवलास का, एवढंच. हो म्हटलं तरी वाढतात, न्हाय म्हटलं तरी वाढतात. भात, सारू म्हणजे पातळ आमटी, वर तूप. ह्या बाईचे उपकार कुठल्या जन्मात फिटायचे.

भात पुढ्यात आला की आप्पा आठवतात.

आमची शेती जांबोटीला, सगळी भाताचीच. आणि आप्पांनी दोन वर्षं झाली भात सोडलाय. मी आयटीआय अर्ध्यावर टाकून गोव्याला बेकरीत गेलतो. तिथनं ट्रकवर हुबळी. मग निपाणीत मोबाइल रिपेरी शिकायला, तेही अर्धंच. त्या साली आप्पा देवळात जाऊन आले आणि आईला म्हणाले, "पोरगं एक काम तडीस नेईपर्यंत मी भाताला शिवणार न्हाय." झालं. लग्नाला गेले तरी ताटात नुसती भाजी घेऊन बसतात. लोक हसतात, पिकवतोय भात न् खातोय नाचणीची भाकरी. मी तेव्हापासून घरी जायचंच कमी केलं.

३ नोव्हेंबर

वर्गात वाक्य बोलून दाखवलं. माय फादर इज ऑब्ड्युरेट. मग भाताची गोष्ट, जमेल तशी. सगळे हसले. मागच्या बाकावरनं आवाज, "परशा, तू बी सोड की भात. प्यांट बसंल जरा."

मॅ. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ऑब्ड्युरेट म्हणजे आतून दगड झालेला. समोरचा रडला, पाया पडला, तरी ज्याला काही होत नाही तो. वडिलांनी भात कुणासाठी सोडला?"

"माझ्यासाठी."

"मग बघ बसतो का शब्द. आणि भातच का सोडला? दुसरं काही का नाही?"

माहीत नाही म्हटलं. दोन वर्षांत विचारलंच नव्हतं.

"जाऊन विचार. त्याशिवाय तुला उभं करणार नाही."

ह्या बाईला कुठला शब्द बसतो, ते कोण सांगणार.

९ नोव्हेंबर, जांबोटी

सुट्टी काढून आलो. बस खानापूरपर्यंत बरी, पुढं ताटकळत. मधे एका झाडावर धनेशाची जोडी दिसली म्हणून आधीच्या फाट्यावर उतरलो आणि मग उरलेलं चालत. पक्षी कधीच उडालेले.

मळणी चाललीय. आईनं बघितलं आणि आधी माझ्या मागं बघितलं, कुणी सोडायला आलंय का, काय भानगड करून आलाय का. मग म्हणाली, "हातपाय धू. नव्या तांदळाचा भात टाकलाय."

मला भात. आप्पांना भाकरी. नवा तांदूळ, सगळं घर वासानं भरलेलं, आणि ते मान खाली घालून भाकरी मोडत होते. मी ताट बाजूला सरकवलं.

आई म्हणाली, "खा गप. दोघांचा हट्ट शिजवायला माझ्याकडं दोन चुली न्हाईत."

दुपारी खळ्यावर पेंढ्या देता देता विचारलं.

"आप्पा, भातच का सोडला? चहा सोडायचा, पान सोडायचं."

"चहाबिगर ऱ्हाता येतंय रं."

"मग?"

"भात सोडला की दोन्ही वक्ताला ताटावर तुझी आठवण येती. नाहीतर कामात इसरतो माणूस."

मी पेंढी हातात धरून तसाच उभा. "दे इकडं," म्हणाले.

थोड्या वेळानं परत विचारलं, "आणि नेम सुटणार कवा? कोण ठरवणार?"

"तूच. तू सांगायचं, आप्पा, एक काम पुरं केलं. त्या दिशी खाईन."

"आन् खोटं सांगितलं तर?"

"तरी खाईन की. तू सांगितल्यावर मी कशाला तपासत बसू?"

एवढं बोलून बैलांकडं गेले. म्हणजे मी कुठल्याही दिवशी फोनवर नुसतं एक वाक्य बोललो असतो तर... दोन वर्षं.

१६ नोव्हेंबर

गोव्यावरनं जुन्या मित्राचा फोन. बोटीवर काम आहे, उद्याच ये, समुद्र, मासे, मजा. बॅग भरली. खोटं कशाला लिहू, आनंदानंच भरली. मॅ.ना काय सांगायचं तेही ठरवलं, आई आजारी.

स्टँडवर पणजीची गाडी लागलेली. शेजारच्या गाडीचा वायपर एक मेकॅनिक तारेनं बांधत होता. तार कुठनं घालतोय, कशी पिळतोय, बघत बसलो. वळून बघतो तर माझी गाडी गेलेली.

आजवर ह्या खोडीपायी शिव्या खाल्ल्या. आज पहिल्यांदा तिचे उपकार मानले.

पुढची गाडी तासाभरानं होती. थांबलो नाही. चालत परत आलो. मावशींनी खांद्यावरची बॅग बघितली. "ऊट आयता?" बाकी काही नाही.

२२ नोव्हेंबर

उभा राहिलो. क्लासचा शेवटचा दिवस. ऑब्ड्युरेट हा शब्द माझ्या वडिलांना बसत नाही, इथनं सुरुवात केली. दगडाला दोन वेळा कुणाची आठवण येत नाही, असं म्हणायचं होतं, इंग्रजीत काय निघालं देव जाणे. दोनदा सरळ मराठीत घसरलो. मॅ.नी थांबवलं नाही. वायपरची गोष्टही सांगितली, तेव्हा हसले सगळे, मी पण.

मागच्या बाकानं विचारलं, "मग आप्पांना शब्द कुठला रं?"

"अजून गावला न्हाय."

मॅ. म्हणाल्या, "मलाही नाही. पण वाक्य पूर्ण केलंस." मग हळूच, "परशराम, झाला तुझा कोर्स."

"झाला म्हणजे झालाच?"

"झालाच. घरी कळव."

त्यांच्या पाया पडायला वाकलो तर मागं सरल्या, "हे आपल्यात नको, हात मिळव." मिळवला. खडूनं पांढरा हात माझ्या काळ्या हातात.

संध्याकाळी फोन हातात घेतला आणि ठेवला. परत घेतला. शब्दावर चार वाक्यं बोललो, हे काम तडीस गेलं म्हणायचं का? तपासणारं कुणी असतं तर ठोकून दिलं असतं. आप्पा तपासणार नाहीत, तिथंच अडलंय. उद्या सकाळी करतो फोन.

२३ नोव्हेंबर

सकाळ गेली. फोन केला नाही. ग्राइंडिंगला जाऊन आलो, आरसेवाला परत दिसला, मागं गेलो नाही. (हे एक लिहून ठेवण्यासारखं.) आता करायचाच म्हणून वर येऊन बसलो, आधी हे लिहून घेऊ म्हटलं.

खाली कुणीतरी आलंय. मावशी कन्नडात, समोरचा मोडक्या कन्नडात.

आवाज आप्पांचा.

सुगीच्या दिवसांत. हा माणूस बेळगावला दवाखान्याशिवाय कधी आला नाही. खिडकीतनं बघितलं. अंगणात उभे आहेत, खांद्यावर तांदळाची पिशवी, डोक्याला टॉवेल तसाच. घरी काही झालंय का? पण हसतायत. आईनं पाठवलं का, मॅ.नी कळवलं का, का नुसतं नवा तांदूळ द्यायला... काहीच कळंना.

मावशी विचारतायत, "ऊट आयता?" आप्पा काय म्हणाले ऐकू आलं नाही. काहीही म्हणाले तरी ह्या बाईनं वाढायला घेतलंच आहे. ताटाचा आवाज आला. कुकरचं झाकण उघडलं.

भात वाढायच्या आत खाली जातो.