फ्लेक्समागचं दुकान

३ फेब्रुवारी, सकाळी
गावचा युवा नेता अमरसिंह, त्याचा वाढदिवस डिसेंबरात झाला. फ्लेक्स अजून उचगावच्या रस्त्यावर आहे. त्याच्यामागे आण्णांचं, माझ्या वडिलांचं, पंक्चरचं दुकान आहे, हे आता फक्त घरच्यांना माहीत. काल एमआयडीसीतला एक कामगार पंक्चर गाडी ढकलत आला. आण्णांनी मागून हाक मारली. त्याने फ्लेक्सला नमस्कार केला आणि पुढे गेला.

आण्णा तक्रार करणार नाहीत. पोरं आपलीच, म्हणतात.

भांडायचं नाही. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट. शिकलेल्या माणसाने विनोदाने समाज बदलावा. एक गमतीची वेबसाइट करणार. नाव टाका, पराक्रम निवडा: 'वेळेवर उठल्याबद्दल', 'स्वतःचं ताट उचलल्याबद्दल'. वाघासकट फ्लेक्स तयार. लोक हसतील, मग लाजतील, मग फ्लेक्स उतरवतील. दोन तासांचं काम.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी
वाघ मानेपाशी कापला जातोय. उद्या नक्की.

९ फेब्रुवारी
झाली. मधले दिवस धरायचे नाहीत. गावच्या ग्रुपवर टाकली. अमरसिंहला आज झोप लागणार नाही.

१० फेब्रुवारी
अमरसिंहचा फोन. म्हणाला, लई भारी काम केलंस ताई, आता डिझायनरकडं हेलपाटं न्हाईत. वाघाऐवजी सिंह मिळेल का, असंही विचारलं. सिंह टाकून दिला. आधी विश्वास मिळवावा लागतो.

१३ फेब्रुवारी
चौकात नवे फ्लेक्स. खरे, छापलेले. एक केरबाकाकांचा: 'स्वतःचं ताट उचलल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: समस्त भावकी.' काकू खाली उभ्या राहून डोळे पुसत होत्या. मी त्यांना यातला उपरोध समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, उचललंय की खरंच.

घरी येऊन साइटवर खाली ठळक ओळ घातली: 'ही चेष्टा आहे.'

१५ फेब्रुवारी
छापणाऱ्याने ती ओळही छापली. शुभेच्छुकांच्या खाली, लाल अक्षरांत.

१७ फेब्रुवारी
शेवटी अमरसिंहला सरळ सांगितलं, दुकान दिसत नाही. त्याने लगेच फ्लेक्स उतरवला, नुसता लोखंडी सांगाडा राहिला. वर म्हणाला, आधी बोलायचं की. दुपारभर आण्णांना मान वर करायला उसंत नव्हती. विनोदाची ताकद लोकांना कळत नाही.

२० फेब्रुवारी
आण्णांनी सकाळी दुकानावर बोलावलं. लग्नातला शर्ट घातला होता. सांगाड्यावर नवा फ्लेक्स, आधीच्यापेक्षा मोठा. माझा डिग्री घेतानाचा फोटो, दोन्ही बाजूंना सिंह. 'घराण्यातील पहिल्या ग्रॅज्युएट, वेबसाइट काढल्याबद्दल.' शुभेच्छुक एकच, आण्णा, खाली छोट्या फोटोत, तेही टोपी काढून. मोबाइलवर सगळं स्वतः केलं म्हणाले, साइट लई सोपी हाय.

मी म्हटलं, आण्णा, दुकान झाकलं.

"दुकान रोजचंच हाय," आण्णा म्हणाले. "तू दिसायला पायजेस."

कधी उतरवायचा, ते विचारलं नाही. अमरसिंहने जाड कापड वापरायला लावलंय, उन्हातान्हात टिकतं म्हणे.

घरी येऊन साइट बंद केली. फ्लेक्स आहेच.