पाचव्या शीलापाशी

छत्रपती संभाजीनगर

सुलेखाताईस प्रणयचा जय भीम.

मी इथं मजेत आहे. घरी आलेलं पत्र बाबा फोडतात, म्हणून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय. आईचा गुडघा कसाय?

दर शनिवारी आम्ही ऑफिसातले चौघं दौलताबाद रोडवरच्या एका बारमध्ये जातो. तिथं बिअर जागेवरच बनवतात. आधी छोट्या ग्लासांत चव बघायला देतात, मग कोणती भारी यावर आम्ही तासभर भांडतो. खोटं कशाला बोलू, मला लई आवडतं. झिंगेपर्यंत मात्र कधी पीत नाय.

मागच्या खेपेला आमच्या चौघांतल्या विश्वजीतनं माझं नाव जोडून फेसबुकवर फोटो टाकला. ग्लास माझ्याच हातात. दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. फोटोचं काहीच बोलले नाय. म्हणाले, "पौर्णिमेला आपल्या पिशोरच्या विहारात पंचशील तू सांग. आम्ही सगळे तुझ्यामागं म्हणू." आजवर हे काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. मी नुसतं "बघतो" म्हणालो.

त्यांनी फोटो पाहिलाय का, ताई?

पहिली चार शीलं मी डोळे मिटून म्हणीन. पाचवं दारू न पिण्याचं. तिथं मी अडलो तर अख्खा विहार गप्प होईल, आणि बाबा पहिल्याच रांगेत असतील.

आईला सांग, वेळेवर जेवतो. मी येतोय, हे बाबांना एवढ्यात सांगू नको.

तुझा धाकटा,
प्रणय