सलीमचाचांना वाचून दाखवलेला रिपोर्ट

६ मे
जवळा बाजार. सुट्टीचा तिसरा दिवस. विमानं दुरुस्त करायचा हँगर अजून अंगातून उतरलेला नाही, घरातही चालताना पायाखाली स्क्रू पडलाय का बघते.
सकाळी एका चॅनलवाल्याचा फोन. आसिफच्या विमानाला अपघात होऊन दहा वर्षं होतायत, खास कार्यक्रम आहे, तुम्ही विमानाच्या इंजिनियर, त्याच्याच गल्लीतल्या, दोन मिनिटं बोला. नाही म्हटलं. एक स्क्रू आवळला तरी त्याची नोंद करून सही करणारा माणूस टीव्हीवर कारणं सांगत सुटत नाही. या चॅनलवाल्यांनी तर तेव्हा मलबा थंड व्हायच्या आत निकाल लावला होता: नवख्या सहवैमानिकाची चूक. वर आसिफचा शाळेतला फोटो.
फोन ठेवता ठेवता म्हणाला, "त्यांचे वडील तयार आहेत. नऊ तारखेला दहा वाजता."
सलीमचाचा? कॅमेऱ्यासमोर?

७ मे
चाचांच्या कापड दुकानात गेले. बाजाराचा दिवस, गिऱ्हाईक सरेना. शेवटी कापडाचं थान गुंडाळता गुंडाळता बोलले.
"माफी मागाची हाय. जे गेले त्यांच्या घरच्यांची. पोरगं माझं व्हतं."
चूक त्याची होती, हे कोणी सांगितलं तुम्हाला?
"तूच."
मी?
"टीव्हीवर माझा भरोसा नव्हता. तू गावी आली तवा तुला इचारलं. तू म्हणली, चौकशीचा रिपोर्ट येऊ द्या चाचा. रिपोर्ट आला. तरी तू बोलली न्हाई. चूक नसती तं तू काहून गप बसली असती?"
रिपोर्ट आला त्याच दिवशी मी वाचला होता. गप्प राहणं हाच आमच्या धंद्यातला सभ्यपणा. त्या सभ्यपणाने या माणसाला इतकी वर्षं... मला माझी लाज वाटते.

८ मे
स. ७ पासून चाचांच्या ओसरीवर, लॅपटॉप मांडीवर. मी इंग्रजी ओळीवर बोट ठेवायचं, मराठीत सांगायचं.
"आसिफचं नाव कुटं हाय?"
नाव नसतं चाचा. कोणाचंच नसतं. पुढच्याच्या हातून तसं होऊ नये म्हणून लिहितात.
"बराबर," म्हणाले.
पुन्हा वाचताना पुन्हा थक्क झाले. चिखलातून वेचलेला एकेक तुकडा. कॉकपिटमधल्या एका छोट्या दिव्याच्या तारेवर सहा पानं, तो शेवटच्या क्षणी पेटलेला होता की नव्हता एवढ्यासाठी. इतकी माणसं गेलेली आणि कागदावर कुणावर राग नाही. असं लिहिणाऱ्यांपुढे मला हात जोडावेसे वाटतात.
धावपट्टीवर पाणी. वारा बदलल्याची खबर उशिरा. विमान कॅप्टनच्या हातात, आ.च्या नाही. आ. वेग आणि उंची वाचत होता, शेवटपर्यंत, एकही आकडा न चुकवता. आवाज शांत होता, असंही लिहिलंय. चाचांनी ते तीनदा वाचायला लावलं.
पुढच्या पानावर एक ओळ मी सोडली.
"तुजं बोट सरकलं," चाचा म्हणाले. "जिंदगी कपडा मोजण्यात गेली माझी. वाच."
वाचली. सहवैमानिकाने कॅप्टनला 'उतरू नका, परत वर चला' असं सांगायला हवं होतं, त्याने ते सांगितलं नाही.
चाचांनी त्या ओळीवर स्वतःचं बोट ठेवलं. मग म्हणाले, "मंग तेवढ्या एका ओळीची माफी मागतो. बाकीची न्हाई."
समजावलं. म्हटलं, ते तेवढंच दाखवतील, बाकी सगळं कापतील.
"म्हून तं तू बाजूला बस. बाकीचं तू सांग."
मी विमानाजवळ रोज असते, मोठी कामं पाहिलीत. एवढं मोठं माणूस पाहिलं नव्हतं.

९ मे
स. ८. कंपनीला विचारल्याशिवाय बोलायचं नाही, लेखी नियम आहे. विचारलं तर नाहीच म्हणतील. बोलले तर नोकरी... आणि मी कितीही मोजून बोलले तरी तेही कापतीलच.
खिडकीतून ओसरी दिसते. चाचांनी पांढरा कुर्ता घातलाय. दोन खुर्च्या मांडल्यात. एकीवर स्वतः बसलेत, दुसरी माझ्यासाठी.
पावणेदहा. रस्त्याच्या तोंडाशी चॅनलची गाडी वळली. रिपोर्टची छापील प्रत माझ्या हातात आहे.