कॉस्टिकच्या वाल्वला तपकिरी रिंग

उधना, सुरत

व्याहीबुवा रघुनाथराव यांना बन्सीलालचा हात जोडून रामराम. आपलं गुडघ्याचं दुखणं कसं आहे? विहीणबाईंचा खोकला? धनश्री आखाजीला माहेरी आली की आमरसापुढे कोणाचं ऐकत नाही, तिला जरा आवरा.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. (काळजी मला सवयीनेच लागते, तिकडे लक्ष देऊ नका.) आखाजीच्या सणाला कुंदन आपल्याकडे सासरी, आमच्या वर्कशॉपमधला फिटर किसन त्याच्या गावी, त्यामुळे वाल्वदुरुस्ती माझ्या गळ्यात पडली. निघताना कुंदन रिक्षातून ओरडला होता, "आबा, सचिन गावच्या कारखान्याचे वाल्व गरम कॉस्टिकचे आहेत, त्यांना काळीच रिंग टाका! तपकिरी अ‍ॅसिडवाल्यांची!" (रिंग म्हणजे वाल्वच्या आतलं रबराचं कडं. ते धड असलं तर थेंब बाहेर येत नाही.) मी शिकलो सातवी, पण मला डोळे आहेत. काळी ईपीडीएम रबराची, दिसायला सायकलच्या ट्यूबची सख्खी बहीण. तपकिरी व्हायटॉनची, कितीतरी महाग, तेजाबालाही दाद न देणारी. कॉस्टिक म्हणजे शेवटी सोडाच, तो तिचं काय बिघडवणार? शिवाय आपलं मोठं गिऱ्हाईक एवढं एकच, त्याला हलका माल कसा द्यायचा? देवाचं नाव घेऊन सगळीकडे तपकिरी बसवल्या.

आठवडाही झाला नसेल, तिथल्या गोपालभाईंचा फोन. "काका, तमारो वाल्व तो रडे छे!" मी विचारलं, किती रडतो? म्हणाले, परातभर. (लाइन लगेच बंद केली, इजा कोणाला नाही.) माझा विश्वास बसेना. बाटलीभर कॉस्टिक मागून आणलं, आमच्या सौ. सरलाबाईच्या लोणच्याच्या बरण्यांत ओतलं आणि एकीत काळी, एकीत तपकिरी बुडवून गॅलरीच्या उन्हात ठेवली. काळी जशीच्या तशी निघाली. तपकिरी फुगली, आणि चिमट्याने दाबताच चिरली. सरलाबाई म्हणाली, "तुमची रिंग राहू द्या, यंदाचं लोणचं काय तुमच्या टोपीत घालू?"

व्याहीबुवा, धनश्रीला आमच्या घरी देताना आपण पैसा पाहिला नाही, तिचं कोणाशी पटेल ते पाहिलं. (पाहण्यासारखा पैसा आमच्याकडे नव्हताच, ते सोडा.) रबराच्या बाबतीत मला तेवढीही अक्कल सुचली नाही. आता रविवारपर्यंत सगळे वाल्व खोलून काळ्या रिंगा बसल्या नाहीत, तर गोपालभाई दुसरं वर्कशॉप धरतील आणि कुंदनने कमावलेलं नाव माझ्यामुळे जाईल.

आपला,
बन्सीलाल

ता. क. कुंदन शुक्रवारी निघणार म्हणतो. कृपा करून त्याला सोमवारपर्यंत अडकवा. मांडे करा, विहीर दाखवा, नातेवाइकांकडे फिरवा. फोन केला की तो शेजारीच बसलेला असतो, म्हणून हे पत्र आपल्या गावच्या ट्रॅव्हल्सवाल्याबरोबर पाठवतो.

दुसरा ता. क. वरचं रद्द. सरलाबाईने आत्ताच विहीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं, आणि तिकडे फोन स्पीकरवर होता. कुंदन आधी पोट धरून हसला, मग कपाळावर हात मारून तिकीट काढायला उठला म्हणे. तो उद्या दुपारी निघतोय. त्याला मुळीच अडवू नका, वाल्व तोच नीट करेल. फक्त पत्र मिळताच मला चार दिवस तिकडे येण्याचा जोरदार आग्रह करा. मी पिशवी भरून बसलो आहे.