सात दिवसांचा नवस

जनवाडा, ता. १४ जानेवारी १९३६, मंगळवार.

सकाळी सडकेवर खडी पसरली. दुपारी घरी आलो. बाबा जेवून निजले आहेत. भाऊ दानियेल जाऊन आज तीस दिवस झाले.

ती. आक्कास हनोखचा शालोम व नमस्कार. पेणला थंडी बेताची असेल आणि तुझे गुडघे तुला चालू देत असतील, असे धरून चालतो. बाबांचा दमा कमी आहे, शिव्या पूर्ववत.

"भाऊ गेला, बाबांना कळू देऊ नकोस," ही तुझी तार शेजारच्या सिद्धम्माने सडकेवर आणून दिली. ("अप्पा निजलेत," म्हणाली, म्हणजे बाबा. पाकीट फाटलेले होते. मी टपालवाल्याला दोष दिला.) वाईट बातमी सांगितलीच पाहिजे असे नाही, हे आपल्या यहुदी शास्त्रातही आहे. पण कोणी विचारलेच, तर 'जिवंत आहे' म्हणायची परवानगी नाही. तुला पेणहून हे सोपे वाटले असेल. सुतकाच्या रीतीने भावासाठी सदरा उजवीकडे फाडला, तो कोटाखाली झाकला. सात दिवस जोडा घालायचा नाही, आणि माझे काम खडीवर. गुंडप्पा मुकादम विचारी, "सायेब, जोडे इकले का काय?" घरी खुर्ची सोडून जमिनीवर बसे, तर बाबा म्हणत, "मूळव्याध झाली काय रे?" मी म्हणे, "खुर्चीवर बसवत नाही." हे खरे होते.

तिसऱ्या दिवशी सिद्धम्माने बाबांदेखत जाहीर केले, की हनोखअण्णाने बसवण्णाला सात दिवस अनवाणी राहायचा नवस केला आहे. झाले. बाबांनी पलटणीतला आवाज काढला. "तेल गाळणाऱ्या बापजाद्यांनी शनिवार सोडला नाही, आणि तू खडी टाकता टाकता देव बदललास?" नाही म्हणावे, तर पुढचा प्रश्न ठरलेला: मग अनवाणी का? मान खाली घालून ऐकले. रोज, जेवणाआधी. सिद्धम्माला एकटीला गाठून विचारले, हे खोटे कशाला? ती म्हणाली, "अण्णा, एवढ्याशा खोट्याला घाम कामून फुटायलाय तुमाला? बसवण्णा तक्रार करायलाय व्हय?"

दानियेलचे पत्र का नाही, हे मात्र बाबांनी एकदाही विचारले नाही. मी ते नशीब समजलो.

तीस दिवस भरले, म्हणून आज सदरा शिवायला मोकळीक झाली. दोऱ्यासाठी बाबांची पेटी उघडली. तळाशी त्यांचा सदरा होता. उजवीकडे फाडलेला.

सिद्धम्माने पदर डोळ्याला लावून कबूल केले. तार आधी बाबांनीच वाचली होती. "नवस अप्पानंच शिकवला मला. म्हनले, पोरगं खोटं बोलायचं न्हाई, त्याच्या वाटणीचं आपण बोलू." अब्राहामच्या घरात शांतता राहावी म्हणून देवानेही साराचे शब्द बदलून सांगितले, हे बाबा नेहमी सांगतात. पण देवाने वर शिव्या दिल्या नव्हत्या.

ता. क. तळपायांना हळद लावतो. काळजी नसावी.

ता. क. २. खरे काम असे, की दानियेल गेला हे तू बाबांना पत्राने कळव. मी वाचून दाखवीन. मग आम्हां दोघांनाही रडता येईल. लवकर लिही.

माझा सदरा शिवून झाला. बाबांना हल्ली सुईचे नेढे दिसत नाही. सुईत नवा दोरा ओवून, त्यांच्या सदऱ्याला टोचून, पेटी बंद केली.



हनोख